खांदा पार झिजलाय, पण दुखत नाही. काय तपासावं?

प्रश्न (फिजिओथेरपिस्ट):
पन्नाशीच्या एक बाई खांद्याच्या व्यायामासाठी आल्यात. चिठ्ठीवर ‘फ्रोझन शोल्डर’ (आखडलेला खांदा) लिहिलंय. फ्रोझन शोल्डरमध्ये हात बाहेर वळवायला गेलं की पेशंट कळवळतो. इथे हात नको तितका वळतो, आत करकर वाजतं आणि बाई माझ्याशी गप्पा मारत असतात! दोन महिन्यांत तीनदा सांध्यातलं पाणी काढलं, तरी पुन्हा भरतंय. एक्स-रेत दंडाच्या हाडाचा गोळा जवळजवळ नाहीच, करवतीने कापल्यासारखी सरळ कड दिसते. रिपोर्टवर ‘संसर्ग की गाठ?’ असं लिहिलंय. शुगर नॉर्मल. व्यायाम द्यायला माझा हात धजत नाही, सध्या थांबवलेत. कुणी असं पाहिलंय का?

उत्तर (ऑर्थोपेडिक सर्जन):
थांबवलेत ते फार बरं केलंत. त्यांच्या बोटांवर भाजल्याचे जुने डाग आहेत का, ते आधी बघा.

का विचारतोय ते सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे असंच सुजलेलं कोपर आलं होतं. क्षयाच्या संशयाने मी बायोप्सी केली. निघाला नुसता हाडाचा चुरा. ड्रेसिंग करताना सिस्टर म्हणाल्या, “सर, यांच्या बोटांना हे चटके कसले?” तापलेलं भांडं धरलं तरी त्या माणसाला कळत नव्हतं. मी त्याचा हात तीनदा तपासला होता, पण कापसाच्या बोळ्याने. स्पर्श शाबूत होता, म्हणून मी पुढे गेलोच नाही. टाचणी टोचली नाही, गरम-गार लावून बघितलं नाही. त्या बायोप्सीची जखम भरायला दोन महिने लागले. आजही त्याची मला खंत आहे.

त्याच्या मानेच्या एमआरआयमध्ये मज्जारज्जूच्या मधोमध लांबलचक पोकळी निघाली, म्हणजे सिरिंगोमायलिया. वेदना आणि तापमानाचे तंतू मज्जारज्जूच्या मध्यातून पलीकडे जातात, म्हणून पोकळी वाढताना आधी तेच तुटतात. स्पर्शाचे बरेचसे तंतू मागच्या बाजूने वर जातात, ते वाचतात. दुखणं कळेनासं झालं की माणूस सांधा जपत नाही आणि हाड चुरत जातं. फ्रेंच न्यूरोलॉजिस्ट शार्कोने १८६८ साली वर्णन केलेला ‘शार्को सांधा’ तो हाच. पायाचा असेल तर आधी मधुमेह आठवावा, खांदा-कोपराचा असेल तर आधी मान.

कोपरामागची अल्नर नसही (हाताचा एक मज्जातंतू) चाचपा. ती जाड लागली तर कुष्ठरोगाचा विचार करावा लागेल, संवेदना त्यानेही जाते.

उत्तर (न्यूरोलॉजिस्ट):
सरांशी सहमत. टाचणी फक्त हातावर नको. शाल पांघरल्यावर जेवढा भाग झाकला जातो, तेवढा सगळा तपासा, दोन्ही बाजूंनी. हाताचे रिफ्लेक्स (हातोडीने ठोकल्यावर येणारे झटके) गेलेले आणि पायाचे वाढलेले असतील तर संशय आणखी पक्का. एमआरआय सांगताना कवटी-मानेचा सांधा दिसलाच पाहिजे, असं स्पष्ट लिहून द्या. लहान मेंदूचा खालचा भाग तिथून ५ मिमीहून जास्त खाली उतरला असेल तर ती कियारी विकृती, आणि पोकळीचं मूळ बहुतेकदा तिथेच असतं. तसं काही नसेल तर गाठ शोधायला कॉन्ट्रास्ट (ती उठून दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध) द्यावा लागेल.

आणि ‘अजिबात दुखत नाही’ यावर अडून राहू नका. थोडंफार दुखणारे शार्को सांधेही असतात. सांध्याची जेवढी नासाडी दिसते, त्या मानाने दुखणं किती, ते बघायचं.

प्रश्नकर्ती:
आज तपासलं. उजव्या हाताच्या दोन बोटांवर डाग आहेत, “कधी भाजलं आठवत नाही” म्हणाल्या. कापूस लागलेला कळतो. टाचणीचं टोक कुठलं नि बोथट बाजू कुठली, ते खांद्यापासून बोटांपर्यंत सांगता येईना. कोमट आणि गार पाण्याच्या बाटल्या दोन्ही सारख्याच वाटल्या. अल्नर नस जाड नाही. त्यांच्या सर्जनना फोन केला, मानेचा एमआरआय परवा आहे. पण घरचे सांधा बदलायचं विचारताहेत, त्यांना काय सांगू?

उत्तर (ऑर्थोपेडिक सर्जन):
घाई नको, असंच सांगा. संवेदना नसलेल्या खांद्यात बसवलेला कृत्रिम सांधा सैल होण्याची, निखळण्याची भीती मोठी. आधी मानेचं काय ते ठरू द्या. काढलेलं पाणी कल्चरला (जंतू वाढतात का ते बघायला) गेलं होतं का विचारा, कारण शार्को असला तरी वर संसर्ग होऊ शकतो. तोवर हात झोळीत ठेवा, वजन उचलू देऊ नका. आणि स्वयंपाक करताना जाड हातमोजे वापरायला आजच सांगा.