१ मेचा फलक : यशवंतरावांच्या तारखा आजच तपासून द्या

सचिव : नमस्कार मंडळी. १ मेच्या झेंडावंदनाला सोसायटीच्या कार्यालयाबाहेर यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीचा फलक लावतोय. चार बाय तीन फूट, लांबून वाचता यायचा तर बारा-तेरा ओळींच्या वर बसत नाही. मजकूर असा आलाय : "जन्म १२ मार्च १९१३, कराड. १९६० मध्ये मुख्यमंत्री. पंचायत राज कायदा १९६२. १९६२ मध्ये नाशिकहून खासदार होऊन संरक्षणमंत्री. पुढे गृह, अर्थ, परराष्ट्र. १९७९ मध्ये उपपंतप्रधान. निधन १९८४." उद्या दुपारी छपाईला देणार. चुका असतील तर आज रात्रीपर्यंत कळवा.

बी-३०४ : सचिवसाहेब, पहिल्याच ओळीपासून सुरुवात करावी लागेल. जन्म कराडचा नाही, देवराष्ट्र्याचा. ते त्यांचं आजोळ. तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीत. कराड हे शिक्षणाचं आणि पुढे मतदारसंघाचं गाव, म्हणून ही चूक सर्रास होते.

बी-३०४ : दुसरं, मुख्यमंत्री १९६० मध्ये नाही, १ नोव्हेंबर १९५६ ला झाले. विशाल द्विभाषिक मुंबई राज्याचे, म्हणजे गुजरात, सौराष्ट्र, कच्छ, मराठवाडा, विदर्भ सगळं धरून. वय ४३. १ मे १९६० ला ते महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. दोन्ही तारखा लिहा. एकच लिहिली की मधली साडेतीन वर्षं गायब होतात, आणि त्यांच्या राजकारणातली सगळ्यात अवघड वर्षं तीच आहेत.

ए-१०२ : ताईंचं बरोबर आहे, पण "अवघड" का ते फलकावर यायला हवं. नाहीतर मुलांना वाटेल की महाराष्ट्र एका माणसाने दिल्लीहून आणला. १९५५ च्या डिसेंबरात फलटणला त्यांनी उघड सांगितलं होतं की नेहरू आणि संयुक्त महाराष्ट्र यांत निवड करायची वेळ आली तर आपण नेहरूंच्या बाजूला राहू. लोक प्रचंड चिडले. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण केली. खुद्द मुख्यमंत्री कराडमधून जेमतेम निवडून आले. गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्यातल्या जागांवर सरकार टिकलं. एसेम जोशी, अत्रे, डांगे, प्रबोधनकार आणि हुतात्मा चौकातले हुतात्मे यांच्याशिवाय १ मे ही तारीखच नाही. एक ओळ समितीची हवीच.

बी-३०४ : मान्य, काका. पण दुसरी बाजूही धरा. ३० नोव्हेंबर १९५७ ला प्रतापगडावर नेहरूंच्या हस्ते शिवछत्रपतींच्या पुतळ्याचं अनावरण झालं. समितीची निदर्शनं मोठी होती, तरी दिवस शांततेत पार पडला. लोकांना काय वाटतं ते नेहरूंना त्या वाटेवर दोन्ही बाजूंना दिसलं. त्यानंतर द्विभाषिक टिकणार नाही हे पक्षश्रेष्ठींच्या गळी उतरवण्याचं काम यशवंतरावांनी आतून केलं. रस्त्यावरचा रेटा समितीचा, दिल्लीतली वाटाघाट त्यांची. ओळ अशी करता येईल : "संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लढ्यानंतर १ मे १९६० रोजी स्थापन झालेल्या राज्याचे पहिले मुख्यमंत्री."

ए-१०२ : ही ओळ चालेल. समाधान झालं.

सी-२०१ : पंचायत राजच्या ओळीत दोन चुका आहेत. सविस्तर लिहितो, कारण ही चूक भाषणांतही ऐकू येते.

कायदा १९६१ चा : महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१. अंमल १ मे १९६२ पासून. कायद्याला विधिमंडळात मंजुरीची एक तारीख असते, राज्यपाल किंवा राष्ट्रपतींच्या संमतीची दुसरी, राजपत्रात आल्याची तिसरी आणि प्रत्यक्ष लागू झाल्याची चौथी. लोक यातली कुठलीही उचलतात आणि मग वाद घालतात. नावापुढचं वर्ष कायद्याचं लिहायचं आणि "लागू" म्हणून वेगळी तारीख द्यायची.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची. या कायद्यात ग्रामपंचायत नाही. ती १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमाखाली येते. तोही यशवंतरावांच्याच काळातला, पण वेगळा. म्हणून "पंचायत राज कायदा" असं मोघम लिहू नका.

ए-४०३ : सर, पण पंचायत राज तर आधी राजस्थानात आलं ना? मग यात यशवंतरावांचं वेगळं काय?

सी-२०१ : हो, नागौरला, २ ऑक्टोबर १९५९. आपलं वेगळेपण रचनेत आहे. बलवंतराय मेहता समितीने भर तालुक्याच्या पातळीवर, गटावर दिला होता. यशवंतरावांनी २२ जून १९६० ला, म्हणजे राज्य होऊन दोन महिने व्हायच्या आत, वसंतराव नाईकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मार्च १९६१ मध्ये अहवाल आला. त्याने वजन जिल्ह्याला दिलं. कारण साधं : जिल्ह्याकडे पैसा गोळा करण्याची आणि इंजिनिअर, डॉक्टर, शिक्षणाधिकारी पोसण्याची ताकद असते, गटाकडे नसते.

पुढे तीन निर्णय झाले. जिल्हाधिकाऱ्याला परिषदेच्या बाहेर ठेवलं. कारभाराला सनदी सेवेतला वेगळा मुख्य कार्यकारी अधिकारी दिला. आणि आमदार-खासदारांना परिषदेत बसू दिलं नाही. तिसरा निर्णय माझ्या मते सगळ्यात धाडसाचा, कारण आपल्याच पक्षाच्या आमदारांच्या हातातला तालुका काढून नव्या माणसांना द्यायचा होता. त्यातूनच नेतृत्वाची दुसरी फळी तयार झाली. आर. आर. पाटील सांगली जिल्हा परिषदेतून वर आले, विलासराव देशमुख बाभळगावच्या सरपंचपदावरून. बिघडलं कुठे तर निवडणुका वेळेवर न घेण्यात. १९६२, ६७, ७२ पर्यंत पाच-पाच वर्षांचा ताल होता. मग १९७९, आणि त्यानंतर थेट १९९२. निवडणूकच नसेल तर नवा माणूस शिडीवर चढणार कुठून?

सचिव : सर, एवढं फलकावर बसणार नाही, पण चौकट करून खाली लावू. "आमदार-खासदार बाहेर" हे नक्की घेतो.

ए-४०३ : सचिवसाहेब, आपल्याशी थेट संबंध असलेली गोष्ट राहिलीच. आपली सोसायटी ज्या कायद्याखाली नोंदलेली आहे तो महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० त्यांच्याच मुख्यमंत्रिपदाच्या काळातला. सन १९६१ चा अधिनियम क्रमांक २४, लागू २६ जानेवारी १९६२. इथेही नावात १९६० आणि क्रमांकात १९६१, म्हणून घोळ होतो. नोंदणी प्रमाणपत्रावर याच कायद्याचं नाव आहे.

सी-२०१ : उत्तम मुद्दा, ताई. त्याआधी जुन्या मुंबई राज्यात १९२५ चा कायदा होता, विदर्भात आणि मराठवाड्यात नियम वेगळे. साखर कारखाना, जिल्हा बँक, गृहनिर्माण संस्था सगळ्यांना एका कायद्याखाली आणलं ते इथे. गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण तेरा-ब मात्र अलीकडचं, २०१९ च्या दुरुस्तीतलं. ते त्यांच्या नावावर घालू नका.

ए-१०२ : एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, पण त्याच काळातली. कायदा १९६१, महामंडळ १ ऑगस्ट १९६२. ठाण्याची वागळे इस्टेट ही पहिली वसाहत. शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२, म्हणजे दिल्लीला जायच्या तोंडावर. साताऱ्याची सैनिक शाळा जून १९६१, देशातली पहिली.

सचिव : आता दिल्ली. नाशिकची ओळ तरी बरोबर आहे का?

बी-३०४ : क्रम उलटा झालाय. शपथ आधी, २१ नोव्हेंबर १९६२, चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली त्याच दिवशी. नाशिकची पोटनिवडणूक नंतर, १९६३ मध्ये, बिनविरोध. मंत्री झाल्यावर सहा महिन्यांच्या आत संसदेत यावं लागतं, त्यामुळे हा क्रम नियमातच बसतो. १९६७ पासून मतदारसंघ सातारा. "हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला" हे वाक्य लावणार असाल तर त्याखाली काम लिहा : ८ लाख २५ हजारांचं सैन्य, १० पर्वतीय डिव्हिजन, हवाई दलाच्या ४५ स्क्वॉड्रनचं लक्ष्य, संरक्षणाची पंचवार्षिक योजना. आणि १ सप्टेंबर १९६५. जम्मूतल्या छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले तेव्हा हवाई दल वापरायची परवानगी त्यांनी त्याच दिवशी दिली.

सी-२०१ : गृहमंत्री १४ नोव्हेंबर १९६६ ते जून १९७०. इथे एक गोष्ट नेहमी सुटते. "आयाराम-गयाराम"च्या दिवसांत पक्षांतरावर उपाय सुचवायला जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष तेच होते. अहवाल १९६९ चा. पक्षांतरबंदीचा कायदा व्हायला १९८५ उजाडलं, तेव्हा ते हयात नव्हते. अर्थ १९७० ते ७४, परराष्ट्र ऑक्टोबर १९७४ ते मार्च १९७७.

ए-४०३ : आणि विरोधी पक्षनेतेपद? ते मजकुरात नाहीच.

सी-२०१ : बरोबर पकडलंत. लोकसभेत १९७७-७८, आणि पुन्हा जुलै १९७९ मध्ये जेमतेम अडीच आठवडे. मोरारजींच्या सरकारवरचा अविश्वास ठराव त्यांचाच. २८ जुलैला चरणसिंगांचे उपपंतप्रधान आणि गृहमंत्री, जानेवारी १९८० पर्यंत. पुढे इंदिराजींच्या काँग्रेसमध्ये परत, आणि १९८२ मध्ये आठव्या वित्त आयोगाचं अध्यक्षपद.

ए-१०२ : या टप्प्यावर त्यांच्यावर कुंपणावर बसल्याची टीका झाली, तीही खोटी नाही. १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदासाठी आधी संजीव रेड्डींच्या बाजूने आणि पक्ष फुटल्यावर इंदिराजींबरोबर. काँग्रेसच्या १९७८ च्या फुटीत इंदिराजींच्या विरोधी गटात, मग परत. हातातलं तोडून टाकायचं नाही हा त्यांचा स्वभाव. महाराष्ट्रात याच स्वभावाने माणसं जोडली, दिल्लीत त्याचीच किंमत मोजावी लागली.

सचिव : मोठ्या अक्षरात एकच ओळ येईल. "महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री" ठेवू की दुसरं काही?

बी-३०४ : ते सगळ्यांना पाठ आहे. मोठी ओळ जिल्हा परिषदेची करा, तिच्याखाली सहकार कायदा, आणि शेजारी आपला नोंदणी क्रमांक. पदांची यादी लहान अक्षरात चालेल.

सचिव : ठीक. फोटो कोणता? प्रीतिसंगमावरच्या समाधीचा आहे एक.

ए-१०२ : तो शेवटी, निधनाच्या ओळीजवळ. २५ नोव्हेंबर १९८४, दिल्ली. आणि खाली "कृष्णा-कोयना संगम, कराड" असं लिहा.