तीन वर्षं लिलीला नुसती पानंच, काय चुकतंय?

फुलासकट आणली होती. तेव्हा पोकळ दांड्यावर चार मोठी लाल फुलं होती. त्यानंतर फक्त पट्ट्यासारखी पानं. मोठ्या कुंडीत हलवली, कंद पूर्ण मातीखाली पुरला, रोज पाणी घालते. पानं लोंबली की कापते. फार जीव आहे हो या झाडावर, कुणीतरी सांगा.

प्रतिसाद १
पोकळ दांडा म्हणजे ही हिप्पीअ‍ॅस्ट्रम, रोपवाटिकेत अ‍ॅमरिलिस म्हणून मिळते ती. (खऱ्या अ‍ॅमरिलिसचा दांडा भरीव असतो.) आधी पानं कापणं थांबवा! पुढचं फूल याच पानांवर पोसलं जातं. साधारण 4 पानांमागे कंदात एक कळी धरते; पानं गेली की कंद उपाशी राहतो आणि कळी आतच जिरते. फूल सुकल्यावर फक्त दांडा कापायचा.
कंद उकरून वरचा अर्धा-एक तृतीयांश भाग उघडा ठेवा. कुंडी कंदाभोवती दोन-तीन बोटं मोकळी राहील एवढीच हवी. मोठ्या कुंडीत माती ओली राहून कंद सडतो.

प्रतिसाद २
खत कुठलं घालता? ऊन किती?

धागाकर्ती
युरिया. गॅलरीत ऊन येत नाही.

प्रतिसाद २
मग कोडं सुटलं. युरियात नुसतं नत्र, म्हणून पानंच पानं. पालाश (पोटॅश) जास्त असलेलं खत द्या आणि निदान सकाळचं 4-5 तास ऊन मिळेल अशी जागा शोधा. पाणी वरची माती सुकल्यावरच. हंगाम संपला की 8-10 आठवडे पाणी तोडून कोरड्या, गार जागी ठेवा, कोंब दिसला की पुन्हा सुरू करा.

प्रतिसाद ३
घरात मांजर आहे का? या कंदानं त्यांना उलट्या होतात. पण लिली म्हणूनच मिळणारी लिलियम आणि डे लिली ही दुसरी झाडं तर आणूच नका. अंगावर पडलेले परागकण चाटले तरी मांजरीची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

धागाकर्ती
मांजर नाही. आत्ताच कंद उकरला, बाजूला दोन छोटे कंद, पिल्लं निघाली! वेगळी लावू?

प्रतिसाद १
स्वतःची मुळं फुटली असतील तर लावा, फुलायला दोन-तीन वर्षं लागतील. नसतील तर आईजवळच राहू द्या.