सुजेच्या पावडरने घोडी एका दिवसात चालायला लागली, मग कामाला लावू का?

दस्तुरीवाला:
माथेरानला आमची चार जनावरं आहेत, दस्तुरी नाक्यावरून गिऱ्हाईक वर न्यायचं काम. त्यातली एक घोडी, म्हणजे पोनीच, सव्वादोनशे किलोची असेल, परवा दगडावरून घसरली आणि पुढचा डावा पाय टेकवेना. गुडघ्याखाली सूज, हात लावला तर गरम. डॉक्टरांनी फिनाइलब्युटाझोनची पावडर दिली आणि काम बंद म्हणाले. आता गंमत अशी की दुसऱ्याच दिवशी घोडी टकाटक चालायला लागली, लंगडणं जवळजवळ नाहीच. शनिवार-रविवार तोंडावर आलाय, हप्ते आहेत, तर लावू का कामाला? आणि हे औषध करतं तरी काय नक्की? चुलतभाऊ म्हणतो घरात माणसाचं डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन पडलंय तेपण ठोक, डबल आराम पडेल.

गुरांचा_डॉक्टर:
भाऊ, आधी ते इंजेक्शन बाजूला ठेवा, त्याचं खाली सांगतो.

मार लागला की तिथल्या पेशींच्या आवरणातून एक चरबीचं आम्ल सुटतं, कॉक्स नावाचं एन्झाइम त्यापासून प्रोस्टाग्लँडिन बनवतं. त्याने रक्तवाहिन्या फुगतात, पाणी झिरपतं, नसा हळव्या होतात, म्हणून सूज, गरमपणा आणि दुखणं. तुमची पावडर त्या कॉक्सलाच अडवते. टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधून ठेवणारी दोरी, तुटलं असेल तर ही पावडर ते जोडत नाही. दुखतं म्हणून जनावर पाय उचलून धरतं, तीच त्याची विश्रांती असते, ती आपण काढून घेतली आणि वर सत्तर किलोचं गिऱ्हाईक बसवलं तर अर्धं तुटलेलं टेंडन पूर्ण जायचं. त्यामुळे कामाला लावू का, याचं उत्तर 'नको'.

दुसरी गोष्ट, कॉक्स दोन प्रकारचं असतं. एक मुख्यतः सुजेच्या वेळी वाढतं, दुसरं रोज कामावर असतं, पोटाचं अस्तर सांभाळतं, किडनीचा रक्तपुरवठा सांभाळतं. ब्युटाझोन, म्हणजे तुमची पावडर, दोघांनाही अडवतं. घोड्याच्या पोटात आम्ल चोवीस तास सुटतं, खाल्लं नाही तरी, म्हणून रिकाम्या पोटी राहिला की अल्सर. पाणी कमी प्यायला की किडनी. फायरोकॉक्सिब नावाचं दुसरं औषध त्यातल्या त्यात निवडून सुजेच्या कॉक्सवर जातं, पण म्हणून ते बिनधास्त द्यायचं असं नाही.

आणि डायक्लोफिनॅक जनावरांसाठी आपल्याकडे २००६ पासून बंद आहे, ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांच्या किडन्या जातात, देशातली गिधाडं त्यानेच संपत आली. केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅक ही तशीच सुजेची औषधंही जनावरांसाठी २०२३ मध्ये बंद झाली. त्याच जातीचं मेलॉक्सिकॅम गिधाडांना चालतं. पण तुमच्या घोडीला आत्ता दुसरं काहीच नको, सुजेची दोन औषधं एकत्र दिली की आराम डबल होत नाही, अल्सर डबल होतो.

पागेतला_म्हातारा:
डॉक्टरसाहेब बरोबर बोलले. माझी चूक सांगतो, मोठ्या घोड्याला जेवढी पावडर दिली तेवढीच मी तट्टाला चंदीत मिसळून दिली, आणि आठवडाभर रोज. आठव्या दिवशी शेण पातळ, खाणं सोडलं, पोटाखाली सूज उतरली, बोट दाबलं की खड्डा पडायचा. मोठ्या आतड्याला आतून जखमा झाल्या होत्या. वाचलं पण दोन महिने गेले. तेव्हापासून छातीला टेप लावून वजन काढल्याशिवाय पुडी फोडत नाही.

लंडनची_मावशी:
इथे ब्रिटनमध्ये मी वीकेंडला एका तबेल्यात मदत करते, इथे सगळे याला नुसतं ब्यूट म्हणतात. पुडीवरच घोडा आणि पोनी वेगळं छापलेलं असतं, पोनीला एक दिवसाआड. आणि ज्याला एकदा ब्यूट दिलं त्या घोड्याच्या पासपोर्टमध्ये, म्हणजे ओळखपुस्तिकेत, सही करावी लागते की याचं मांस माणसाच्या खाण्यात कधीच जाणार नाही. (शर्यतीच्या नादवाल्यांसाठी, अमेरिकेतल्या १९६८ च्या केंटकी डर्बीत पहिला आलेला डान्सर्स इमेज हा घोडा याच औषधापायी बाद झाला होता.)

दस्तुरीवाला:
मावशी, आम्हाला तर रोज दोनदा द्या म्हणालेत?? तोबऱ्यात टाकली तर घोडी वासाने चंदीच सोडते, मग गुळाच्या पाण्यात कालवून सिरिंजने तोंडात सोडली.

गुरांचा_डॉक्टर:
घाबरू नका, पहिल्या दिवशी जास्त आणि मग उतरता डोस असा कोर्स असतो, पण पोनीमध्ये योग्य डोस आणि घातक डोस यातलं अंतर कमी म्हणून तुमच्या डॉक्टरांना वजन सांगून आजच फोन करा, पुढच्या पुड्या तशा कमी करून घ्या. आधी चारा टाका मग पावडर, पाण्याची बादली कायम भरलेली. आणि नस शोधून इंजेक्शन द्यायचं काम घरी कोणी करू नका, ब्युटाझोन नसेबाहेर गेलं तर मान सडते.

दस्तुरीवाला:
फोन केला. टेपने १९० किलो निघाली, आम्ही सव्वादोनशे सांगितलेली. पुडीचा डोस कमी केला, सोमवारी सोनोग्राफीला मशीन घेऊन येतायत. या शनिवारी तीनच घोडी काढतो. चुलतभावाचं इंजेक्शन मेडिकलवाला परत घेत नाहीये.