कोर्ट बंद करायचं का?

सचिव (ए-२०१): नमस्कार मंडळी. बी विंगमध्ये दोन घरांत कोविड पॉझिटिव्ह निघाले आहेत. दोघांचीही तब्येत ठीक आहे, घरीच आहेत. काही सभासदांची मागणी आहे की टेनिस कोर्ट आणि बाग १५ दिवस बंद ठेवावी. उद्या नोटीस लावायची आहे, आज रात्रीपर्यंत मतं सांगा.

सी-६०४: बंदच ठेवा. आमच्या सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत. २०२१ च्या एप्रिलमध्ये बेडसाठी किती फोन केले ते आम्हालाच माहीत. खेळ काय, पुढच्या महिन्यात खेळता येईल.

ए-७०३: सहमत 🙏

बी-११०२ (देशमुख काका): ताई, तुमची काळजी रास्त आहे. आजींचा विचार करूनच लिहितोय, थोडं लांबेल.

कोर्ट बंद आणि जिम, क्लब हाउस चालू, याने आजींना काहीही संरक्षण मिळत नाही. हा आजार पसरतो तो मुख्यतः बंद खोलीत, जिथे हवा खेळत नाही आणि माणसं तास-तासभर जवळ असतात. मोकळ्यावर धोका शून्य नाही, पण खूपच कमी. बंद करायचंच तर आधी जिम करा आणि क्लब हाउसमधला पत्त्यांचा डाव. मी स्वतः त्या डावात असतो, उद्यापासून येणार नाही.

मी खारघरच्या सिडकोच्या कोर्सवर गोल्फ खेळतो, म्हणून २०२० चं नीट आठवतंय. मार्चमध्ये सगळंच बंद झालं, ते बरोबरच होतं. मग ३ जूनपासून सरकारने मोकळ्या जागेत एकेकट्याने चालायला, धावायला, सायकल चालवायला परवानगी दिली, पहाटे ५ ते संध्याकाळी ७. त्या आदेशात सोसायट्यांची मैदानंही होती. ५ ऑगस्टपासून गोल्फ, टेनिस, मोकळ्यावरचं बॅडमिंटन, जिम्नॅस्टिक्स, नेमबाजी आणि मल्लखांब सुरू झाले. पोहण्याचे तलाव बंदच राहिले. गोल्फच्या शेजारी मल्लखांब वाचून मला फार बरं वाटलं होतं. किती माणसं एकमेकांच्या किती जवळ येतात, एवढंच पाहून ठरवलं होतं.

आणि खेळाची रीतही बदलली. जगभरच्या कोर्सेसवर तेव्हा होलमध्ये फोमचा तुकडा बसवत होते. चेंडू काठाच्या जरा खाली अडकायचा, मग दोन बोटांनी उचलायचा, झेंड्याच्या काठीला हात लावायचा नाही. बंकरमधले, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांतले, दाताळे काढून टाकले होते, वाळू पायानेच सारखी करायची. स्कोअर फोनवर. खेळताना चौघं चार दिशांना असतात, तिथे भीती नव्हतीच. भीती होती एका बग्गीत दोघं शेजारी बसण्याची आणि खेळ संपल्यावर चहाच्या टेबलाभोवती गर्दी करण्याची. आपल्या कोर्टाचंही तेच आहे. नेटच्या दोन बाजूंना दोन मुलं असली तर चालतं, पण बाकावर दाटीवाटीने बसून एकाच बाटलीतलं पाणी पिणं बंद करा.

ए-७०३: काका, गोल्फला एकरांनी जागा असते. आमची पोरं पार्किंगच्या मागे क्रिकेट खेळतात. तेव्हा सांघिक खेळांना परवानगी मिळायला बराच उशीर लागला. माझा मुलगा ११ वर्षांचा होता, वर्षभर गॅलरीच्या भिंतीवर बॉल मारत राहिला. वजन वाढलं, चिडचिड वाढली. ज्याच्याकडे जागा त्याचाच खेळ आधी सुरू, हे मनाला लागलं होतं.

बी-११०२ (देशमुख काका): दादा, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. म्हणूनच या वेळी आपल्या हातात आहे तेवढं तरी पोरांचं बंद करू नये. सहा-सहाच्या दोन बॅच करा, वेळ वेगवेगळी ठेवा.

डी-३०२ (डॉक्टर ताई): काकांच्या मताशी सहमत. ताप, खोकला, घसा दुखणं यातलं काहीही असेल तर पाच-सहा दिवस खाली उतरायचंच नाही, मग टेस्ट करा न करा. आणि पॉझिटिव्ह होऊन बरे झालेल्यांनी पहिल्याच दिवशी सेट खेळायला जाऊ नये. आधी चालणं, मग हलकं धावणं, जमलं तर पुढे. कोविडनंतर काही जणांच्या हृदयाच्या स्नायूला सूज येते. छातीत दुखलं, धडधड झाली किंवा नेहमीपेक्षा जास्त दम लागला तर लगेच थांबा आणि तपासून घ्या. तरुणांनीही.

आपली गोल्फपटू अदिती अशोक, तिचं उदाहरण देते. टोकियो ऑलिंपिकच्या आधी तिला कोविड झाला होता. अंगातली ताकद गेली, फटका पूर्वीइतका लांब जाईना. आई कॅडी म्हणून बॅग घेऊन सोबत. ऑगस्ट २०२१ मध्ये ती चौथी आली, ब्राँझ एका फटक्याने हुकलं. ऑलिंपिकच्या दर्जाच्या खेळाडूलाही अशक्तपणा जाणवतो, मग आपण घाई का करायची?

सी-६०४: डॉक्टर, हे पटलं. पण लिफ्टचं काय? पोरं घामाघूम होऊन दहा जण एकदम चढतात आणि त्याच लिफ्टमधून सासूबाई डायलिसिसला जातात.

डी-३०२ (डॉक्टर ताई): खरा प्रश्न तोच आहे ताई. तिथे मास्क लावायचा आणि एका वेळी चारच जण. आजी निघायच्या आधी ग्रुपवर टाका, आम्ही लिफ्ट मोकळी ठेवू.

बी-११०२ (देशमुख काका): अजून एक, आणि हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. माझा कॅडी रोजावर काम करायचा. खेळ झाला तर पैसे, नाही झाला तर नाही. आम्ही परत खेळायला लागलो तेव्हाही आपापली बॅग आपणच ओढायची असं ठरलं, कारण बॅग दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. आमच्या सुरक्षिततेसाठी ते योग्य होतं, पण त्याच्या घरची चूल त्यावर होती. फोन केला तर म्हणाला, "साहेब, भाजीची गाडी लावलीय, बघू." हिरवळीचा उतार माझ्याआधी त्याला दिसायचा. तो पुन्हा कोर्सवर आलाच नाही. आम्हा चौघांना महिना थोडे थोडे पैसे काढणं अजिबात जड नव्हतं. कुणी सुचवलं नाही, मीही नाही.

आपले टेनिसचे सर कामोठ्याहून येतात आणि बॅचवरच पगार घेतात. १५ दिवस बंद म्हणजे त्यांचा अर्धा महिना गेला.

बी-५०१: अगदी खरं. तेव्हा सरांनी माझ्या मुलीला व्हिडिओ कॉलवर फूटवर्क शिकवलं, वर पैसेही घेतले नव्हते. कोर्ट चालू राहो की बंद, मी पूर्ण फी देणार आहे.

ए-७०३: मीपण. सध्या २२ मुलं आहेत ना बॅचला?

सी-६०४: माझं मत बदलते. कोर्ट चालू ठेवा, फक्त बाकं उचला आणि लिफ्टचा नियम नोटिशीत मोठ्या अक्षरात लिहा. फीमध्ये आमच्या नातवाचेही धरा.

सचिव (ए-२०१): ठीक. नोटीस अशी काढतो: जिम आणि क्लब हाउस १५ दिवस बंद. कोर्ट चालू, एका वेळी चौघं, बाटली आणि टॉवेल आपापला, बाकं वॉचमनच्या केबिनमागे. बागेत चालायला हरकत नाही. लिफ्टमध्ये मास्क, चारच जण. आजारी असेल त्याने घरीच थांबावं, त्याला सामान पोचवायला बी विंगमधून दोन नावं हवीत.

बी-५०१: माझं घ्या.

बी-११०२ (देशमुख काका): दुसरं माझं. आणि सरांची फी ५ तारखेच्या आत माझ्याकडे द्या, यादी मी ठेवतो.