गुणोत्तर मर्यादेत आहे, तरी तुलना विसंगत वाटते

प्रश्न
एएचपी या निर्णयपद्धतीसाठी (यात जोडीजोडीच्या तुलनांतून निकषांचे भार, म्हणजे सापेक्ष महत्त्व, काढतात) एका तज्ज्ञाकडून चार निकषांची जोडीनिहाय तुलना करून घेतली. त्यांच्या मते ‘क’ हा ‘ख’च्या दुप्पट, ‘ग’च्या चौपट आणि ‘घ’च्या आठपट महत्त्वाचा आहे, ‘ख’ हा ‘ग’च्या दुप्पट आणि ‘घ’च्या चौपट आहे, मात्र ‘ग’ आणि ‘घ’ यांच्यात ‘घ’ दुप्पट ठरला आहे. सुसंगतता गुणोत्तर (उत्तरे एकमेकांशी किती विसंगत आहेत याचे माप; शून्य म्हणजे पूर्ण सुसंगत) ०.०९२ येते, म्हणजे ते ०.१०च्या आत आहे, पण ‘ग’ आणि ‘घ’ यांचे भार जवळजवळ सारखे (०.०९८ व ०.१०१) निघतात. हा निकाल ग्राह्य धरावा का?

प्रतिसाद १
तूर्त धरू नये. ०.१० ही एएचपीचे जनक थॉमस साटी यांनी सुचवलेली सर्वसाधारण मर्यादा आहे; चार निकषांसाठी त्यांनीच पुढे ०.०८ आणि तीन निकषांसाठी ०.०५ अशा अधिक कडक मर्यादा दिल्या, आणि त्या लावल्या तर आपली सारणी (तुलनांचा तक्ता) अडकते. आपले कमाल आयगेनमूल्य (सारणीवरून काढलेली संख्या; उत्तरे पूर्ण सुसंगत असल्यास ती निकषांच्या संख्येइतकी, म्हणजे ४, असते) सुमारे ४.२५ आहे, त्यातून ४ वजा करून ३ने भागल्यास ०.०८३ हा निर्देशांक मिळतो आणि त्याला यादृच्छिक (वाटेल त्या आकड्यांनी भरलेल्या) सारण्यांच्या सरासरी निर्देशांकाने, म्हणजे ०.९०ने, भागले की ०.०९२ येते. हा एकच आकडा साऱ्या सारणीचा गोळाबेरीज अंदाज देतो, बिघाड कोठे आहे ते सांगत नाही.
त्यासाठी त्रिकुटे, म्हणजे तीन-तीन निकषांचे गट, तपासावीत; पहिल्या दोन तुलनांचा गुणाकार तिसरीइतका यायला हवा. क-ख-ग आणि क-ख-घ ही त्रिकुटे अचूक जुळतात. क-ग-घमध्ये मात्र ४ गुणिले १/२ म्हणजे २ येतात, प्रत्यक्ष निर्णय ८ आहे. ख-ग-घमध्येही तशीच चौपट तफावत आहे. या दोन्ही त्रिकुटांत समान असलेली जोडी ग-घ हीच आहे.

प्रश्नकर्ता
मग तेथे २ भरून गुणोत्तर शून्यावर आणले तर चालेल का?

प्रतिसाद २
परस्पर भरू नये. नोंद उलटी झाली असण्याची शक्यता मोठी आहे, आणि प्रत्यक्षात असे वरचेवर घडते. तरीही तज्ज्ञाला खरोखरच ‘घ’ वरचढ वाटत असेल, तर कदाचित ‘घ’विषयीचे इतर दोन निर्णय घाईत दिलेले असतील. जुनी उत्तरे न दाखवता ‘घ’शी संबंधित तिन्ही तुलना त्यांना पुन्हा विचाराव्यात. शिवाय, प्रत्येक जोडीला डोळे मिटून १ देणाऱ्याचेही गुणोत्तर शून्यच येते, त्यामुळे केवळ शून्य गाठण्यासाठी आकडे वळवण्यात काही अर्थ नाही. पुन्हा विचारूनही तीच उत्तरे आली, तर ‘ग’ आणि ‘घ’ यांच्या व्याख्या एकमेकींत मिसळत आहेत का, हे आधी पाहावे.