आजीच्या शास्त्रातलं 88वं स्तोत्र

मी: आजीच्या रविवारच्या स्मरण उपासनेत बायबलमधला कोणता शास्त्रपाठ वाचायचा ते आज ठरवू या का? पाळकांना उद्या सकाळपर्यंत कळवायचं आहे. आजीबद्दलचे चार शब्द मी लिहायला घेतलेत, पाठ ठरला की त्याला धरून लिहिता येईल.

काका: नीतिसूत्रे 31, वचन 10 पासून शेवटपर्यंत, सद्गुणी स्त्रीचं वर्णन. आईसाठी वेगळं काही शोधायलाच नको. मूळ इब्रीत ही 22 वचनं मुळाक्षरांच्या क्रमाने रचलेली आहेत. म्हणजे अ पासून ज्ञ पर्यंत सगळं आलं. आईही तशीच होती.

काकू: मलाही तेच वाटतं.

ताई: 2 तीमथ्य 1:5 कसं वाटतं? पौल तीमथ्याच्या विश्वासाबद्दल लिहितो तेव्हा आधी आजी लोईसचं नाव घेतो, मग आई युनीकेचं. आम्हा नातवंडांपर्यंत विश्वास असाच आला. आजीच्या मांडीवर बसून मी प्रभूची प्रार्थना शिकले, तेव्हा मला वाचता पण येत नव्हतं.

काका: तेही छान आहे. पण एकच वचन आहे, पाठ फार छोटा होईल.

मी: एक सांगायचं राहिलं. आत्याने आजीचं शास्त्र माझ्याकडे दिलंय. आज दुपारभर ते घेऊन बसले होते. पाठीची शिवण सुटलेली, कापडाच्या पट्टीने बांधलेलं. सोडलं की आपसूक एका ठिकाणी उघडतं. मला वाटलं 23वं स्तोत्र असेल, तिच्या तोंडी सारखं तेच असायचं. पण ते पान नाही. 88वं आहे. फोटो टाकतेय. समासात पेन्सिलीच्या रेघा बघा.

ताई: किती बारीक आहेत! चार उभ्या आणि पाचवी आडवी, मोजदाद करतात तशा.

मी: हो. 13व्या वचनापासून सुरू होऊन पानाच्या खालपर्यंत, मग वर, मग पलीकडच्या पानाच्या समासात. मी मोजल्या, 200 च्या वर आहेत. काही पुसट झाल्यात.

चुलतभाऊ: ती रोज 5 स्तोत्रं वाचायची त्याचा हिशोब असेल. तारखेचं स्तोत्र, मग त्यात 30-30 मिळवत जायचं, म्हणजे महिन्यात 150 पूर्ण. मला तिनेच शिकवलं होतं. 28 तारखेला 28, 58, 88, 118, 148.

ताई: आणि 29 तारखेला तिच्या खोलीचं दार उशिरा उघडायचं! त्या दिवशी 119वं यायचं ना, 176 वचनं. आम्ही बाहेर ताटकळत बसायचो.

मी: पण त्या हिशोबाने 88वं महिन्यातून एकदाच येतं. आणि बाकी कुठल्याच पानावर अशा रेघा नाहीत.

काका: 88वं फार उदास स्तोत्र आहे. हेमान एज्राहीचं. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, हे वळत नाही. मूळ इब्रीत शेवटचा शब्दच अंधार असा आहे. आईने ते इतकं का वाचावं, मला कळत नाही. ती तर कायम आनंदी असायची.

आत्या: भाऊ, तू तेव्हा 3 वर्षांचा होतास, तुला आठवणार नाही. आपल्या दोघांच्या मधला एक होता. 4 महिन्यांचा होऊन गेला. आईने मला हे एकदाच सांगितलं, माझं पहिलं बाळ पोटात गेलं तेव्हा.

काकू: आत्याबाई, हे आम्हाला कधीच माहीत नव्हतं.

आत्या: मोठा मेसेज लिहितेय, थांबा.

आत्या: आई म्हणाली, बाळ गेल्यावर तिला प्रार्थना करताच येईना. डोळे मिटून बसायची, एक शब्द फुटायचा नाही. त्यातच कुणीतरी सांत्वनाला येऊन बोलून गेलं, विश्वास कमी पडला म्हणून मूल गेलं. ते वाक्य तिच्या काळजात रुतून बसलं. पुढे कधीतरी वाचता वाचता हे स्तोत्र समोर आलं. तिचे शब्द होते, "माझ्याजवळचे शब्द सरले होते, म्हणून त्या माणसाचे उसने घेतले." देवा, तू मला का टाकलंस, तू तोंड का लपवतोस, असं देवालाच विचारायची सोय शास्त्रात आहे हे कळल्यावर ती त्या दिवशी पहिल्यांदा रडली. त्यानंतर रोज पहाटे उठून आधी हेच वाचायची. वाचलं की एक रेघ.

ताई: 13वं वचन आत्ता उघडलं. सकाळी माझी प्रार्थना तुझ्यापुढे येते. म्हणून पहाटे.

मी: पहिल्या वचनात रात्रंदिवस, 9व्यात दररोज, 13व्यात सकाळी. त्याला एकदाही उत्तर मिळालेलं नाही, तरी तो तीनदा सांगतो की मी हाक मारतोच आहे. मला हे वाचून आजी नव्याने भेटली. आपण तिला भक्तिमान म्हणतो तेव्हा तिची गाणी आणि तिचं हसणं आठवतो. ती शब्द नसतानाही रोज जाऊन बसत होती, हे मला आज कळतंय. रेघा कधी थांबल्या ते कळायला मार्ग नाही. समासात जागाच उरलेली नाही.

चुलतभाऊ: आता एक गोष्ट उलगडली. कुणाच्या घरी दुःख झालं की आजी जायची आणि काही बोलायचीच नाही. नुसती शेजारी बसून पाठीवर हात ठेवायची. मी एकदा विचारलं, तू प्रार्थना तरी का करत नाहीस? तर म्हणाली, ईयोबाचे मित्र त्याच्या दुःखात 7 दिवस आणि 7 रात्री गप्प बसले तेवढंच त्यांनी नीट केलं, तोंड उघडल्यावर सगळं बिघडलं.

आत्या: माझ्याजवळही तशीच बसली होती. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी हे सांगितलं.

मी: माझं मत, रविवारी 88वं वाचावं.

काका: बाळा, भावना कळते. पण लोक धीर मिळावा म्हणून येतात. अंधारावर संपणारा पाठ ऐकून काय घेऊन जातील? कुणाला वाटेल आईचा विश्वास डळमळला होता.

ताई: काका, प्रभूने वधस्तंभावर 22व्या स्तोत्राचेच शब्द घेतले ना? माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. त्याला आपण डळमळणं म्हणत नाही.

आत्या: आणि भाऊ, त्या दिवशी समोर बसलेल्यांत एखादी बाई अशी असेल जिला कुणीतरी तेच वाक्य ऐकवलं असेल. तिने हे ऐकायला हवं. आईच्या शास्त्रातून ऐकायला हवं.

मी: नीतिसूत्रे 31 मधली बाई खरी आहेच, पण तिथे ती रडताना दिसत नाही. मला आजी पूर्ण हवी आहे.

काकू: ह्यांनी फोन ठेवून दिलाय. खिडकीशी उभे आहेत. थोडा वेळ द्या.

चुलतभाऊ: तोवर मी एक सांगतो. रात्रीच्या प्रार्थनेत आजी सगळ्यांची नावं घ्यायची, सुनांपासून सुरुवात. माझं नाव आलं की मी आमेन म्हणून उठायचो. ती डोळे न उघडता माझा शर्ट धरून खाली बसवायची. शेवटी काही क्षण नुसती गप्प असायची आणि मगच आमेन. मला वाटायचं तिला डुलकी लागली.

आत्या: ते त्याच्यासाठी असायचं. नाव ठेवायचं राहून गेलं होतं.

ताई: 😢

काका: आत्ता पूर्ण स्तोत्र वाचलं, दोनदा. मला एक भाऊ होता हे इतक्या वर्षांनी कळतंय. आईने आम्हा कुणावर ते ओझं टाकलं नाही.

काका: 88वं घ्या. पाळकांना मी स्वतः फोन करतो. त्यानंतर 23वं सगळ्यांनी उभं राहून एकत्र म्हणू, तिलाही ते आवडायचं. आणि 88वं मी वाचेन.

आत्या: तुला जमेल ना भाऊ?

काका: 13व्या वचनाशी जरा थांबावं लागेल. थांबलो तर कुणी मधे बोलू नका. मोबाईलवरून नाही वाचणार, तिचंच शास्त्र घेऊन ये. अक्षर बारीक आहे, नवा चष्मा लावेन.

मी: आणते काका. पट्टी न सोडता आणते.