सामायिक प्रयोगशाळेतील जागेचे वाटप कोणत्या निकषावर करावे?

प्रश्न: आमच्या विद्यापीठाच्या संशोधन संकुलातील नव्या इमारतीवर तीन विभागांनी हक्क सांगितला आहे. जागा सेवाज्येष्ठतेनुसार द्यावी, अनुदानाच्या रकमेनुसार की संशोधक विद्यार्थ्यांच्या संख्येनुसार, याबद्दल अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

उत्तर १: यांपैकी एकच निकष लावू नये, कारण मोठे अनुदान पुष्कळदा एखाद्या महागड्या यंत्रासाठी असते आणि त्याला खोलीचा एक कोपराही पुरतो. आधी कामाचे स्वरूप पाहावे. रसायनशास्त्राला लागणारे फ्यूम हूड (घातक वाफा ओढून घेणारी कपाटे) हवा बाहेर नेणाऱ्या नळांशी जोडलेले असल्याने ते एकदा बसवले की हलवणे फार खर्चाचे होते; उलट संगणकावर काम करणाऱ्यांचे टेबल कोणत्याही मजल्यावर जाऊ शकते. म्हणून पाणी, निचरा आणि वायुविजन असलेल्या खोल्या ज्यांचे त्यांवाचून अडते त्यांनाच द्याव्यात, आणि कोणतेही वाटप कायमचे न मानता ठरावीक मुदतीने त्याचा फेरविचार व्हावा.

उत्तर २: सहमत आहे, मात्र नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी काही जागा राखून ठेवावी. त्यांच्याकडे ना ज्येष्ठता असते ना विद्यार्थी, आणि फेरविचाराच्या बैठकीत त्यांच्या वतीने बोलणारेही कोणी नसते, ही मला सर्वांत गंभीर बाब वाटते.

उत्तर ३: यंत्रे सामायिक केल्यास जागेची मागणीच कमी होते. केंद्र सरकारच्या आय-स्टेम या संकेतस्थळावर देशभरातील संस्थांची उपकरणे वापरासाठी आरक्षित करता येतात. तीच पद्धत संकुलात अवलंबावी आणि नमुने गोठवून ठेवणाऱ्या उणे ८० अंश सेल्सिअसच्या शीतकपाटांसाठी एकच खोली ठेवावी.